खाली काय आहे?

शेवटचे दोन तास उरले होते आणि माझ्या गेममधला विटीदांडूवाला पोरगा जमिनीतून आरपार खाली पडत होता.

गोडोमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जमिनीला कोलिजन (वस्तू आरपार जाऊ नये म्हणून लावायची अडवणूक) द्यायचंच राहिलं होतं. लुडम डेअर ही गेम बनवायची ऑनलाइन स्पर्धा, आणि तिच्यातला काँपो हा प्रकार म्हणजे 48 तास, एकट्यानं, चित्रं-आवाज-कोड सगळं स्वतःचं. त्यातले सहा तास मी मेनूच्या अक्षरांवर घालवलेले. (हो, अक्षरांवर.)

घाईघाईत दुरुस्त केलं. पोरगा उभा राहिला. शेजारी बसलेल्या भाचीचा मात्र चेहरा पडला.

"मामा, आधीचंच भारी होतं. खाली काय आहे ते बघायचं होतं मला."

खाली काहीच नव्हतं. नुसता गोडोचा करडा रंग.

गेम वेळेत अपलोड झाला. पण तेव्हापासून डोक्यात तेच. तळाशी एखादी विहीर काढायला कितीसा वेळ लागला असता?