पावसाळ्यातले ओले सेट

ठाण्यातल्या मध्यम रुग्णालयांत जुलै उजाडला की सीएसएसडीची, म्हणजे उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या विभागाची, डोकेदुखी वाढते. ऑटोक्लेव्हमधून (वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या मशिनातून) निघालेला शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा सेट ओलसर असेल तर तो निर्जंतुक धरायचाच नाही. ओल्या वेष्टनातून जंतू आत शिरतात. नव्या वेष्टनात बांधून पुन्हा लावायचा. निर्जंतुकीकरणाला १३४ अंशांवर ४ मिनिटं पुरतात, घाईत छाटली जाते ती नंतरची वाळवण्याची वेळ. दुसरं कारण ठासून भरलेला चेंबर. वाट्या उताण्या ठेवल्या की पाणी साचणारच, कडेवर उभ्या ठेवा. गरम सेट थंड ओट्यावर टेकवला तरी खालून ओल धरते. प्री-व्हॅक्यूम मशिनात (वाफेआधी हवा खेचून काढणाऱ्या) रोज सकाळी आधी बोवी-डिक चाचणी, म्हणजे हवा नीट निघते का याची तपासणी, सर्जन कितीही ओरडोत. निर्जंतुक सेटच्या स्टोअरमधली आर्द्रता ७० टक्क्यांवर जाऊ नये. वीजबिलासाठी तिथला एसी रात्री बंद करायला लावणाऱ्यांना हे कोण सांगणार!