आठ-दहा मिनिटांची थाप

काही प्रवास थाप मारायला अगदी बेताचे असतात. रेल्वेत रात्रभर समोरासमोर बसलं की डबा उघडता उघडता माणूस खरं बोलून जातो. लिफ्टमध्ये तोंड उघडायलाच सवड नसते. आठ-दहा मिनिटांची फेरीबोट मात्र नेमकी! रिचर्ड मेसनच्या ‘द वर्ल्ड ऑफ सुझी वाँग’ची खरी गंमत मला तिथेच सापडते.

१९५७ची कादंबरी. ब्रिटिश अमलातलं हाँगकाँग. मलायातल्या रबराच्या मळ्यावरची नोकरी सोडून चित्रं काढायला आलेला रॉबर्ट लोमॅक्स बंदर ओलांडणाऱ्या ‘स्टार फेरी’ या बोटीवर जीन्स घातलेल्या, पोनीटेलवाल्या एका चिनी मुलीशी बोलायला जातो. ती सांगते, नाव मी-लिंग, बाप गडगंज, लग्न ठरलंय. बोट धक्क्याला लागते आणि बाई गर्दीत गडप. पुढे वान चायमधल्या नाम कोक नावाच्या स्वस्त हॉटेलात तो खोली घेतो, तर खालच्या बारमध्ये खलाशांसोबत बसणारी सुझी म्हणजे हीच.

या थापेत फसवणूक कुठे आहे? तिने त्याच्याकडे काही मागितलं नाही. पैलतीर येईपर्यंत श्रीमंताघरची लेक व्हायचं होतं, झाली. त्यानंतरच्या पानांत लोमॅक्स तिची इतकी कणव करतो, की कधीकधी त्याला म्हणावंसं वाटतं, बाबा रे, जरा गप्प बस, तिला बोलू दे.

मला त्या बोटीचंही भारी कौतुक. ती परत जाताना वळत नाही, दोन्ही टोकांनी चालते. म्हणून बाकाची पाठ पलीकडे लोटायची, खाडकन आवाज होतो, आणि मागची बाजू पुढची होते. बोटींची नावं ‘मॉर्निंग स्टार’, ‘इव्हनिंग स्टार’ अशी. पण ही सेवा १८८८ साली कंपनी म्हणून उभी केली ती दोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईहून गेलेल्या पारशाने. इंग्रज चित्रकार, चिनी मुलगी आणि बोट मिठाईवाल्याची! कंपनीला ‘स्टार’ हे नाव आलं १८९८ साली, धंदा त्याच्या हातून गेल्यावर.

कादंबरीच्या काळात बंदराखाली बोगदा नव्हता, तो झाला १९७२ साली. तोवर साहेब, कारकून, हमाल सगळे बोटीनेच जायचे. वरचा मजला पहिल्या वर्गाचा, खालचा दुसऱ्या. १९६६ साली वरच्या मजल्याचं भाडं वीस सेंटांवरून पंचवीस करायचं ठरलं, तर सो साउ-चुंग नावाचा तरुण धक्क्यावर उपोषणाला बसला आणि मग बंदरापलीकडच्या कौलूनमध्ये दंगलीच उसळल्या. खालच्या वर्गाचं भाडं वाढलंच नव्हतं, तरी रस्त्यावर आली ती बहुतेक गरीब पोरं. कारणं पुष्कळ होती, घरांची, पगाराची. पण मला आपलं वाटतं, आठ-दहा मिनिटं वरच्या बाकावर बसून गडगंज बापाचं लेकरू व्हायचं, तर त्याला वीस सेंट पुरायलाच हवेत.