रीमॅप केलेल्या पोलोला क्लच कोणता घालावा?

चाकणला बनलेली पोलो १.० टीएसआय मॅन्युअल आणि रांजणगावची अबार्थ पुंटो, दोन्ही आता नव्या मिळत नाहीत. ज्यांच्याकडे आहेत ते जीव लावून सांभाळतात, आणि त्यातले बरेच जण रीमॅपही करून घेतात, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवतात. मग प्रश्न येतो तो क्लचचा: कंपनीचाच घालायचा, की बाहेरून जास्त ताकद पेलणारा 'स्टेज टू' किट मागवायचा? माझं मत आधीच सांगतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला फॅक्टरी स्पेसिफिकेशनचा क्लच घालावा. त्यापुढे जायचं तर टॉर्कचा (इंजिनच्या पिळाच्या जोराचा) हिशेब करून जावं, आणि गेलात तरी सिरॅमिक प्लेटपर्यंत जाऊ नये.

काउंटरवर 'कंपनीचा' आणि 'आफ्टरमार्केट' हे शब्द फार ढिले वापरले जातात. कार कंपन्या सहसा क्लच स्वतः बनवत नाहीत. लूक, साक्स, व्हॅलिओ, एक्सेडी अशांकडून घेतात. लूकचा कारखाना होसूरला आहे, एक्सेडीचा आपल्या छत्रपती संभाजीनगरला. हेच उत्पादक स्वतःच्या खोक्यातही किट विकतात. म्हणजे 'बाहेरचा' म्हणून मिळणारा किट पुष्कळदा त्याच दर्जाचा असतो, फक्त खोक्यावर गाडीचा लोगो नसतो. तरी डोळे झाकून घेऊ नका. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, आणि जुनी प्लेट उतरल्यावर तिच्यावरचा नंबर, मधल्या खाचांचे (स्प्लाइनचे) दाते आणि व्यास नव्या प्लेटशी ताडून पाहा. नकली मालही बाजारात भरपूर आहे. रिव्हेट वेडेवाकडे बसलेले, अस्तराच्या (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराच्या) कडा भुरभुरीत, खोक्यावरचा कोड स्कॅन होत नाही, असं काही दिसलं तर तो किट तिथेच परत करा.

आता हिशेब. एका प्लेटचा क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाच्या बाजू दोन, घर्षणांक, क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनच्या जड चाकावर) दाबणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब आणि अस्तराची सरासरी त्रिज्या. चौघांचा गुणाकार करायचा. उदाहरणादाखल २०० मिमी बाहेरचा आणि १४० मिमी आतला व्यास असलेली प्लेट घ्या, सरासरी त्रिज्या ८५ मिमी. घर्षणांक ०.३ आणि दाब ४५०० न्यूटन, म्हणजे साधारण ४६० किलो. उत्तर येतं सुमारे २३० न्यूटन-मीटर. पोलो १.० टीएसआयचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन-मीटर आहे, तेव्हा असा क्लच आरामात पुरतो. रीमॅपची पहिल्या पातळीची (स्टेज वन) फाइल टाकल्यावर हाच टॉर्क २०० च्या पुढे जातो. कागदावर तरीही भागतं.

पण घर्षणांक कायम ०.३ राहत नाही. घाटात तासभर हाफ क्लचवर रांगलात की अस्तर तापतं आणि तो ०.२५ वर उतरू शकतो. तोच क्लच मग १९० च्या आसपास पेलतो. सकाळी रिकाम्या रस्त्यावर व्यवस्थित ओढणारी गाडी खंडाळ्याच्या जॅममधून सुटल्यावर स्लिप मारते, ती यामुळे. मूळ १७५ ला तेव्हाही अडचण येत नाही. रीमॅपच्या २२० ला येते.

टर्बो पेट्रोलमध्ये क्लच सुटतो, म्हणजे घसरतो, तो जास्तीत जास्त पॉवरवर नव्हे, टॉर्क जिथे चढतो तिथे. पोलोत पूर्ण टॉर्क १७५० आरपीएमपासून मिळतो, अबार्थमध्ये २१२ न्यूटन-मीटर २००० पासून. म्हणून तपासणी वरच्या गिअरमध्ये करायची. मोकळा चढ बघा, चौथा किंवा पाचवा गिअर, १८०० आरपीएम, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. टॅकोमीटरचा काटा एकदम ५००-७०० ने उडाला आणि वेग जागच्या जागी राहिला, तर क्लच सुटतोय. एकदा दिसलं की पुरे. पुन्हा पुन्हा करून पाहिलंत तर उरलेलं अस्तरही जाळाल.

सुटतोय म्हणजे लगेच मोठा क्लच हवा असंही समजू नका. आधी क्रँकचं मागचं ऑइल सील बघा, कारण तेलाचा ओघळ प्लेटवर आला की कितीही महागडा क्लच घसरणारच. हायड्रॉलिक क्लचमध्ये मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र तुंबलं किंवा पेडलला मोकळा खेळ उरला नाही, तर पाय काढल्यावरही दाब थोडा अडकून राहतो आणि प्रेशर प्लेट पूर्ण बसत नाही. केबलच्या गाडीत केबल जास्त ताणली तरी तेच होतं. हे सगळं ठीक असेल तर रीमॅप करणाऱ्या ट्यूनरकडे जा. २५०० आरपीएमखाली टॉर्क थोडा कापून चढण सौम्य करणं हे फाइलमधलं छोटं काम आहे. गाडीच्या ओढीत फरक जेमतेम जाणवतो आणि क्लचचं आयुष्य वाढतं. लोक आधी किट मागवतात आणि फाइलचं नंतर बघतात. क्रम उलटा हवा.

एवढं करूनही सुटत असेल, तर बदलायची ती प्रेशर प्लेट. दाब २० टक्क्यांनी वाढवला तर वरच्या हिशेबातले २३० चे २७५ होतात, आणि साधं ऑरगॅनिक अस्तर तसंच ठेवता येतं. किंमत मोजावी लागते पायाला. पेडल जड होतं आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा त्याची आठवण करून देतो. फॉर्क, रिलीज बेअरिंग, स्लेव्ह सिलिंडरचं सील या क्लच सोडवणाऱ्या भागांवरचा भार वाढतो तो वेगळाच. शिवाय पेडल दाबलेलं असताना क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवरही तोच जोर येतो, तेव्हा सिग्नलला न्यूट्रल करायची सवय इथे सक्तीचीच.

केव्हलर अस्तर टिकतं छान, पण बसायला वेळ घेतं, आणि बसण्याआधी तापलं तर काचेसारखं गुळगुळीत होऊन घसरतं. चार-सहा पाकळ्यांची सिरॅमिक प्लेट रॅली आणि ऑटोक्रॉसची. साध्या प्लेटमध्ये दोन अस्तरांच्या मध्ये पातळ लाटदार पत्र्याची स्प्रिंग असते. क्लच हळूहळू धरतो तो तिच्यामुळे. पाकळ्यांच्या प्लेटला बहुधा ती नसते, म्हणून क्लच एकतर सुटलेला किंवा धरलेला. पार्किंगच्या रॅम्पवर गाडी थरथरत झटके मारते, फ्लायव्हीलचा चेहरा खरवडला जातो. त्यात प्लेटच्या मधल्या भागातल्या (हबच्या) धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगही काढलेल्या असतील तर तीन सिलिंडरच्या इंजिनचे धक्के सरळ गिअरबॉक्समध्ये शिरतात आणि आयडलला गिअर खडखडतात. रस्त्याच्या गाडीला ही प्लेट घालू नये, एवढं ठामपणे म्हणेन.

किटसोबत हलकं फ्लायव्हील घ्यायचा मोह होतो. इंजिन चटकन वर जातं, हे खरं. पण फ्लायव्हील उष्णता पिऊन घेण्याचंही काम करतं, आणि हलकं लोखंड लवकर तापतं. ही उष्णता किती असते? स्थिर आरपीएमवर क्लच सोडत गाडी उचलली, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच क्लचमध्ये जळते. पहिल्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला वेग ताशी सुमारे २२ किमी धरला, तर १२०० किलोच्या गाडीसाठी ती २२ किलोज्यूल होते. १५०० वर सोडलात तर चौथा हिस्सा. महागड्या प्लेटपेक्षा ही सवय क्लचला जास्त वाचवते.

गाडीत ड्युअल मास (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचं) फ्लायव्हील आहे का, हे चेसिस नंबरवरूनच पाहा. असेल तर लेथवर चेहरा सपाट (फेसिंग) करून घेऊ नका. हाताने फिरवून खेळ बघा, हिसका देऊन डुलतंय का बघा, आणि उत्पादकाच्या मर्यादेबाहेर असेल तर बदला. साध्या फ्लायव्हीलला फेसिंग चालतं, फक्त पायरी असलेल्या फ्लायव्हीलला दोन्ही पातळ्यांवरून सारखाच माल काढायचा. नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

बसवताना गडबड होते ती ठरलेल्या ठिकाणी. प्लेट आधी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सरकवून बघा, अडता कामा नये. स्प्लाइनला ग्रीसचा हात अगदी पातळ, आणि हब निकेल प्लेटिंगचा असेल तर ग्रीस लावायचंच नाही. प्लेटवर 'गिअरबॉक्स साइड' लिहिलेली बाजू गिअरबॉक्सकडे. सेंटरिंग टूल लावून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा करत आवळायचे. स्वयंसमायोजित (अस्तर झिजलं की स्वतः जुळवून घेणारी) प्रेशर प्लेट असेल तर तिचं खास टूल लागतंच. नुसते बोल्ट आवळत गेलं की आतली रिंग फिरून बसते आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून नीट काम करत नाही. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. प्लेट किंचित वाकते, आणि मग रिव्हर्स टाकताना करकर येते. मेकॅनिक गिअरला दोष देतो, दोष त्या दोन मिनिटांचा असतो. गिअरबॉक्स एकदा उतरलाच आहे, तर रिलीज बेअरिंग, क्रँक सील आणि फ्लायव्हीलचे एकदाच वापरायचे बोल्ट त्याच वेळी बदला. मजुरी एकदाच द्यायची आहे.

पहिले ५०० ते ८०० किमी शहरात साधी गाडी चालवा. टर्बोचा पूर्ण बूस्ट नको, उभ्या गाडीवरून जोरात लाँच तर नकोच. आणि जुनी प्लेट मेकॅनिककडून मागून घ्या, तिच्याकडे बघून बरंच कळतं. अस्तर दोन्ही बाजूंनी रिव्हेटपर्यंत सारखं झिजलं असेल तर क्लच पूर्ण वापरला गेला. तोच स्पेसिफिकेशन पुन्हा घाला. अस्तर जाड आहे पण चकाकतंय आणि फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत, तर दोष टॉर्कचा किंवा पायाचा. कडेला तेलकट काळं कडं दिसलं तर सील. एकाच बाजूने झिज असेल तर प्लेट शाफ्टवर अडकत होती, आणि नवी चढवण्याआधी ते स्प्लाइन साफ झाले का, हे स्वतः वाकून बघा.