गट्टू गेला तेव्हा कुणी पत्र लिहिलं नाही

२०२३च्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाने नवा लोगो आणला आणि आमच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोंब उठली, त्यांच्या त्या पगडीवाल्या महाराजाला काढला! हळहळणाऱ्यांपैकी निम्म्यांनी एअर इंडियाच्या विमानात पाय ठेवलेला नसणार. मग कंपनीचे प्रमुख कँपबेल विल्सन यांनी खुलासा केला की महाराजा कुठे जात नाहीये, लाउंजमध्ये, वरच्या वर्गाच्या प्रवाशांसाठी त्याला ठेवणार आहोत. ग्रुप शांत झाला आणि नेहमीसारखा जीएसटीकडे वळला.

मी रंगवाला. कराडात आमचं पेंट-हार्डवेअरचं दुकान आहे, अण्णांनी म्हणजे वडिलांनी टाकलेलं. ग्रुपवरची ती हळहळ वाचताना माझ्या मनात एवढंच आलं, की गट्टू गेला तेव्हा यातलं एक माणूस हूं की चूं करायला तयार नव्हतं. आणि मंडळी बरीचशी आमच्याच धंद्यातली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: गट्टू म्हणजे एशियन पेंट्सच्या डब्यावरचा पोरगा. केसांची बट डोळ्यावर आलेली, हातात ब्रश, रंग टिपकतोय, आणि तोंडावर भाव असा की आत्ताच कुणाची तरी भिंत खराब करून आलाय. १९५४ साली तो आर. के. लक्ष्मण यांनी काढला. कंपनी मूळची गिरगावातली. १९४२ साली चार मित्रांनी गायवाडीतल्या एका गॅरेजात सुरू केलेली. पोराचं बारसं लोकांकडूनच करून घेतलं. नाव सुचवा, ५०० रुपये मिळवा अशी स्पर्धा लावली. मुंबईच्याच दोघांनी ‘गट्टू’ हे एकच नाव पाठवलं. त्या वेळी ५०० रुपये ही काही बारकी रक्कम नव्हती.

लक्ष्मण म्हटलं की सगळ्यांना कॉमन मॅन आठवतो. पुण्यात त्याचा पुतळा आहे, वरळीला आहे. पण कॉमन मॅन छापून यायचा इंग्रजी पेपरात. आमच्या पंचक्रोशीतल्या माणसाने लक्ष्मणांचं जे चित्र रोज बघितलं, घरी नेलं, रिकामा झाल्यावर त्याच डब्यात तुळस किंवा शेवंती लावली, ते गट्टूचं. काढणाऱ्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नाही.

हा पोरगा खरा खपायचा तो बेंदराला. आमच्याकडे बैलांची शिंगं रंगवायचा हा सण आषाढात येतो, वरच्या भागात पोळा नंतर होतो. बेंदराच्या आदल्या दोन-तीन दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. ५० मिली, १०० मिलीचे बारके डबे अण्णा खोक्यातून काढून थेट काउंटरवर ओतायचे, फळीवर लावायची गरजच नसायची. तांबडा, हिरवा, निळा, पिवळा, सोनेरी. माणसं मागायची ती अशी, “अण्णा, त्या पोराचा डबा द्या. तांबडा.” दुसऱ्या कंपनीचा पुढे केला तर, “नगं नगं, पोराचाच द्या. दुसऱ्याचं शिंगावरनं पापुद्रे निघत्यात.” पापुद्रे निघायचे ते बहुतेक वेळा शिंग नीट न घासता, तेलकट असतानाच रंग फासल्यामुळे. अण्णा ते सांगायचे नाहीत. गिऱ्हाइकाशी वाद घालून ५० मिलीत काय मिळणार?

बारके डबे ही त्या कंपनीची मोठी खेळी होती. सुरुवातीला मोठ्या शहरांतले मोठे दुकानदार विलायती कंपन्यांचा माल ठेवायचे, गायवाडीतल्या गॅरेजातल्या मालाला तिथे कोण उभं करणार? म्हणून ही मंडळी तालुक्याच्या गावाला, आणि तिथूनही आत गेली. पोळ्याला शिंगं रंगवणारा महाराष्ट्रातला शेतकरी त्यांच्या धंद्याच्या गोष्टीत हमखास येतो तो त्यामुळे. आणि या शेतकऱ्याला डब्यावरची अक्षरं वाचता येतील याची खात्री नव्हती. चित्र हीच त्याची अक्षरं. नेरोलॅकनेही मग वाघ आणला होता, गुडी नावाचा. वाघ असूनही तो आमच्या भागात पोरापुढे टिकला नाही.

बैल झाले, आता घर. घराच्या रंगात मालक फक्त एवढंच बोलायचा, “पिस्ता करा,” नाहीतर “क्रीम.” फार हौशी असला तर अबोली. कुठल्या कंपनीचा, किती लिटर, किती हात, प्रायमर लागेल का, हे सगळं पेंटरच्या हातात. तो चिठ्ठी लिहून द्यायचा आणि मालक ती चिठ्ठी घेऊन दुकानात यायचा, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन मेडिकलात यावं तसा. म्हणून कंपन्या खूश ठेवायच्या ते पेंटरला. डब्यात टोकन असायचं. डबा फोडला की आमचे पेंटर आधी काठीने तळ ढवळून टोकन काढणार, टर्पेंटाइनमध्ये बुचकळून पुसणार, आणि मगच रंगात टर्पेंटाइन घालणार. महिनाअखेरीला रुमालात बांधून टोकनं आमच्याकडे यायची, आम्ही मोजून पैसे द्यायचो. यावरून घरमालकांशी भांडणंही व्हायची. डबा मी विकत घेतला, टोकन तुमचं कसं? एका मास्तरांनी तर सगळे डबे आपल्यासमोर फोडायला लावले होते आणि टोकनं स्वतः खिशात घातली होती. पेंटरने त्यांच्या बैठकीच्या खोलीला दुसरा हात असा काही मारला, की त्यांना पुढच्याच दिवाळीला परत रंग द्यावा लागला.

आता गट्टूकडे या पेंटरच्या नजरेने बघा. विस्कटलेले केस, हातात ब्रश, अंगावर शिंतोडे. पेंटरचंच लहानपण ते. त्याला तो आपला वाटायचा.

मग रंग मिसळायचं मशीन आलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून कंपन्यांनी ती दुकानादुकानात बसवायला सुरुवात केली. ज्यांनी काउंटरच्या आत उभं राहून धंदा केला नाही, त्यांना या मशीनने काय उलथापालथ केली ते कळायचं नाही. आधी प्रत्येक शेडचा, प्रत्येक मापाचा डबा दुकानात ठेवावा लागायचा. फिकट निळा खपतोय आणि गडद निळा तीन वर्षं धूळ खातोय, हे रोजचं. मशीन आल्यावर फक्त पांढरे बेस ठेवायचे, नंबर टाकायचा, वरून थेंब-थेंब स्टेनर म्हणजे घट्ट रंग पडणार, डबा हलवायच्या यंत्रात घालायचा, झालं. हजारभर शेड. आणि हजारभर शेड म्हटल्यावर निवड करायला पेंटर कशाला? घरातल्या बाई दुकानात यायला लागल्या. शेडकार्ड घेऊन खुर्चीवर बसायला लागल्या. आमच्या दुकानात तोवर खुर्चीच नव्हती, स्टूल होतं. अण्णांनी कुरकुरत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या.

जाहिरातीही बदलल्या. पीयूष पांडे यांची ‘हर घर कुछ कहता है’ वाली जाहिरात आली. त्यात घर होतं, माणसं होती, आठवणी होत्या. ब्रश कुठेच नव्हता. २००२च्या सुमारास गट्टू डब्यावरून गेला.

माझं म्हणणं असं, की गट्टू जुना झाला म्हणून गेला नाही. काउंटरच्या पलीकडचं माणूस बदललं म्हणून गेला. टिपकणारा ब्रश पेंटरला शोभतो. पण जिने घरात नवा सोफा घेतलाय, लादी आत्ताच पॉलिश करून घेतलीय, तिला टिपकणारा ब्रश हातात घेतलेला उनाड पोरगा दाखवून रंग विकता येईल का? तिचं घर रंगायला निघालं की तिला पहिली धास्ती त्याचीच. कंपनीने धंदा म्हणून केलं ते बरोबर केलं. मला त्यात कंपनीचा राग नाही, आणि गळा काढण्यासारखंही काही वाटत नाही.

नवल वाटतं ते शांततेचं. महाराजाची गोष्ट घ्या. १९४६ साली एअर इंडियाचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव यांनी त्याला जन्म दिला. कूका म्हणायचे, नाव महाराजा असलं तरी त्याच्या अंगात राजघराण्याचं रक्त नाही. १९८९ साली विमानांचं रूप बदलताना त्याला बाजूला केला, तर एवढा गहजब झाला की परत आणावा लागला. पुढे २०१५ला त्याला बारीक करून, केस उभे करून, जीन्स घालून झाली. तेव्हाही चर्चा. टाटांकडे कंपनी परत आल्यावर पुन्हा चर्चा. कारण विमानाने जाणारा माणूस संपादकाला पत्र लिहितो. त्याची ओळख असते, त्याचा शब्द कुठेतरी पोचतो. शिंगाला रंग घेणारा माणूस पत्र लिहीत नाही. टोकनं रुमालात बांधून आणणारा पेंटरही लिहीत नाही. गट्टूवर माया होती ती या लोकांची, आणि त्यांच्या मायेची नोंद घ्यायला पेपरात रकाना नव्हता.

अमूलची पोरगी राहिली, ती वेगळ्या कारणाने. १९६६ पासून, सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस या जाहिरातवाल्यांच्या हातची. तिचं सगळं आयुष्य भांडणात गेलं. गणपतीत ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ असं लिहिलं तेव्हा शिवसेनेकडून फलक काढा, नाहीतर ऑफिस फोडू असा दम आला होता, हे डाकुन्हांनीच सांगून ठेवलंय. इंडियन एअरलाइन्सच्या संपावर बोलली तर विमानात तुमचं लोणी देणार नाही अशी तंबी मिळाली. २०११ला पुण्याचे तेव्हाचे खासदार कलमाडी यांच्यावर चित्र आलं तर पुण्यात ठिणगी पडली. मला विचाराल तर ‘मोअर घ्या’ हा विनोद बरा होता, चिडण्यासारखं काही नव्हतं. पण मुद्दा असा की या पोरीला रोज काहीतरी काम आहे. सकाळी पेपरात झालं ते संध्याकाळी ती बोलते. गट्टूला बोलायला कुणी लावलंच नाही. तो डब्यावर गप्प उभा राहिला. ज्याला काम नाही त्याला घालवायला सोपं जातं.

ओनिडा टीव्हीच्या सैतानाचं नाव मात्र घ्यायलाच हवं, कारण तो आपल्या जाहिरातवाल्या गोपी कुकडे यांच्या डोक्यातून आला. शिंगं, शेपटी, हिरवे कपडे, आणि शेजाऱ्याच्या पोटात दुखतं ही मालाची जाहिरात. त्यालाही घालवला, परत आणला, परत घालवला, पुन्हा आणला. घरोघरी टीव्ही आल्यावर शेजारी कशावर जळणार?

हल्ली फेसबुकवर वर्षातून एकदा तरी ‘गट्टूला परत आणा’ अशी पोस्ट फिरते. लाइक करणाऱ्यांत आर्किटेक्ट असतात, पुण्या-मुंबईचे ग्राफिक डिझायनर असतात. माझा भाचाही त्यातलाच. मागे आला होता तेव्हा अण्णांच्या माळ्यावरून गंजलेला एक डबा शोधून काढला आणि मला विचारतो, “मामा, हा मी नेऊ? पेनस्टँड करीन.” नेऊ दिला. माझी त्याला ना नाही. पण त्याला विचारलं, गट्टू परत आला तर नक्की कुणासाठी? बाई फोनमध्ये भिंतीचा फोटो घेऊन येतात, ‘अगदी हीच शेड’. पेंटर टोकनाच्या जागी आलेला कोड फोनने स्कॅन करतो, पैसे थेट खात्यात, आमच्याकडे मोजामोजीसुद्धा राहिली नाही. डब्यावर काय छापलंय ते दोघंही बघत नाहीत. भाचा म्हणाला, “मामा, भावना म्हणून काही असतं की नाही?” असते. पण त्या भावनेसाठी लागणारा डबा मला खपवायचा असतो.

बेंदराला अजून थोडे बारके डबे मागवतो. बैल कमी झाले, दारात ट्रॅक्टर आले, पण एखादी जोडी हौसेने सांभाळणारे अजून आहेत. गेल्या बेंदराला त्यातलेच एक आजोबा आले होते. डब्यांची रांग डोळ्यांखालून घातली आणि म्हणाले, “तांबडा द्या. कुठला का असंना.”