ग्रूम लेक, १:७२ : हँगरात काय ठेवायचं ते ठरलं

मंडळी, ग्रूम लेकच्या काठचा अमेरिकेचा गुप्त हवाई तळ, एरिया ५१, मी १:७२ मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) करतेय. मागच्या नोंदीत नुसता प्लायवूडचा पाट होता. आता त्यावर तळं आलंय आणि दोन विमानं आपापल्या चाकांवर उभी आहेत.

सगळ्यात जास्त वेळ तळ्याने खाल्ला. ग्रूम लेक म्हणजे अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं आटलेलं खारं तळं, समुद्रसपाटीपासून साधारण ४,४०० फुटांवर. अणुऊर्जा आयोगाच्या नकाशावर त्या चौकोनाला ५१ आकडा होता, म्हणून एरिया ५१. त्याची जमीन बारीक भेगाळलेली, पांढुरकी. पुट्टीत कोरलेल्या भेगा पहिल्या नजरेतच खोट्या वाटत होत्या, म्हणून शेवटी शाडू घेतला. आमच्या नौपाड्यात गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना आहे. तिथल्या काकांनी दोन किलो दिला आणि सवयीने म्हणाले, "ताई, कापूस घालून मळा, नाहीतर तडकेल." मला तो तडकायलाच हवा होता.

पण जुलैत ठाण्यात काय वाळतंय? पहिला थर बोटभर जाडीचा दिला. अकरा दिवस पंख्याखाली ठेवून त्याला तीन भेगा पडल्या, त्याही एवढ्या मोठ्या की १:७२ मध्ये माणूस आत पडावा. तेव्हा कळलं, भेगांची जाळी किती बारीक ते थराच्या जाडीवर ठरतं. तो खरवडून काढला, पाटाला फेविकॉलचा हात दिला आणि शाडू ताकासारखा पातळ करून ब्रशने जेमतेम मिलिमीटरभर चढवला. एसीच्या खोलीत दोन रात्रींत हवी तशी जाळी उमटली. मीठ कुठे दिसावं हे बघायला मे महिन्यातच कोपरीपलीकडच्या मिठागरांकडे जाऊन आले होते. मीठ भेगेत साचत नाही, भेगेच्या ओठांवर फुलतं. तेवढ्याच जागी जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा रंग घासला.

पहिलं विमान यू-२, सीआयएचं खूप उंचावरून उडणारं हेरविमान. ते चंदेरी ठेवलंय. काळं यू-२ सगळ्यांच्या ओळखीचं आहे, पण १९५५ च्या ऑगस्टमध्ये चाचणी वैमानिक टोनी लव्हिएरने ते इथून पहिल्यांदा उडवलं तेव्हा ते उघड्या धातूचं होतं. उडत्या तबकड्यांच्या गोष्टींचं एक मोठं मूळ त्या चकाकीत आहे. तेव्हाची बहुतेक प्रवासी विमानं १०,००० ते २०,००० फुटांवरून जायची, यू-२ मात्र ६०,००० च्या वर. मी हिशोब मांडून पाहिला: ७०,००० फुटांवरून क्षितिज साडेचार अंशांहून जास्त खाली दिसतं, म्हणजे जमिनीवर सूर्य मावळल्यावरही वीसेक मिनिटं विमान उन्हात असतं. मे महिन्यात गच्चीवरून पाहत होते. येऊरच्या डोंगरामागे सूर्य गेला, खाली दिवे लागले, आणि उंचावरून जाणाऱ्या एका विमानाची रेघ सोनेरी पेटलेली. एवढ्या उंचीवर कुठलंच विमान जात नाही अशी खात्री असलेल्या वैमानिकाला त्याच्याही दुप्पट उंचीवर तसा ठिपका दिसला, तर तो काय समजेल?

उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकचे लोक अशा नोंदी सीआयएकडे ताडून पाहायचे. बऱ्याचदा उत्तर मिळायचं, पण ज्याने पाहिलं त्याला ते सांगायची मुभा नव्हती. १९५५ नंतरच्या आणि साठच्या दशकातल्या बहुतांश काळातल्या अर्ध्याहून अधिक नोंदी यू-२ आणि त्याच्यानंतरचं हेरविमान ए-१२ यांच्या होत्या, असं सीआयएचा स्वतःचा इतिहास म्हणतो. हा आकडा मला जरा सोयीचा वाटतो, अभ्यासकांनीही त्यावर आक्षेप घेतलेत. पण पाहणारे खोटं बोलत नव्हते, हे मला मनापासून पटतं. त्या इतिहासातलं एरिया ५१ हे नाव २०१३ मध्ये खुलं झालं. तळ उभा राहिल्यापासून ५८ वर्षं.

माझं दुसरं विमान हेच ए-१२, पण त्याचं काम अडलंय. ४३ सेंटीमीटर लांबीचं मॉडेल, काळा रंग मारला आणि दमट हवेने त्यावर पांढुरकी झाक आली. घासून पुन्हा प्रायमर. आता ऑक्टोबरपर्यंत हात लावणार नाही.

आता हँगर. भाचा रोज विचारतो, "आत्या, तबकडी कधी बसवणार?" त्याचं चूक नाही. १९८९ मध्ये बॉब लझार नावाच्या माणसाने लास व्हेगासच्या टीव्हीवर सांगितलं, की ग्रूम लेकच्या शेजारच्या पापूस लेकजवळ 'एस-४' नावाच्या गुप्त जागी नऊ तबकड्या आहेत आणि त्या ११५ क्रमांकाच्या मूलद्रव्यावर चालतात. पुढे मॉडेल किट बनवणाऱ्या टेस्टर्स कंपनीने त्या तबकडीचं किटही काढलं. याच टेस्टर्सने १९८६ मध्ये 'एफ-१९' नावाने गुपित स्टेल्थ (रडारला सहसा न दिसणाऱ्या) विमानाचं किट विकलं होतं, गोलसर, गुळगुळीत. १९८८ मध्ये खऱ्या स्टेल्थ विमानाचं, एफ-११७ चं चित्र बाहेर आलं तर ते सपाट पैलूंचं! आणि मूलद्रव्य ११५ हे २००३ मध्ये रशियातल्या दुबनामध्ये बनलं. त्याचे अणू सेकंदभरही टिकत नाहीत.

या तळावर परकं तंत्रज्ञान आलंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आलं, आणि तेही सोव्हिएत. ए-१२ चं टायटॅनियम सीआयएने आडून सोव्हिएत युनियनकडूनच मिळवलं होतं. एफ-११७ चे पैलू ज्या गणितावर बेतले ते प्योत्र उफिमत्सेव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाचं. आणि १९६८ च्या सुरुवातीला ग्रूम लेकवर गुपचूप एक आख्खं विमान उडवून तपासलं, ते मिग-२१एफ-१३. १९६६ च्या ऑगस्टमध्ये इराकी वैमानिक मुनीर रेद्फा ते इराकमधून इस्रायलला घेऊन गेला होता. मोहिमेचं नाव हॅव डोनट. मागचं नीट दिसत नाही, इंजिन उशिरा वेग घेतं, हे सगळं अमेरिकनांनी तिथे टिपून घेतलं.

हे वाचलं तेव्हा मी उठून बाबांच्या खोलीत गेले. बाबांची अख्खी नोकरी ओझरच्या कारखान्यात मिगवर गेली. अमेरिका ज्याचं कोडं त्या वाळवंटात सोडवत होती, ते नाशिकजवळ आमचे बाबा डबा घेऊन बनवायला जात होते. १९६३ मध्ये चंदीगडला आलेली आपली पहिली मिगही एफ-१३ च.

त्या एफ-१३ चं किट जोडून बाबांच्या हातात दिलं. चष्मा वर करून म्हणाले, "अगं, ही नळी खाली कशी लावलीस? वर असते." ते ओझरला बनणाऱ्या मिग-२१एफएलबद्दल बोलत होते. एफएलची पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) नाकाच्या वर, एफ-१३ ची खाली. फोटो दाखवल्यावर त्यांनी मान हलवली आणि मग नाकाचं तोंडही लहान आहे, त्यातला शंकू बारीक आहे, असं एकेक स्वतःच दाखवत बसले. इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या त्या तोंडाच्या कडेला राहिलेली जोडाची रेघ त्यांनीच नखाने पकडली. ती मला दिसलीच नव्हती.

तर हँगरात मिग. दार अर्धं उघडं, आत एकच पिवळा एलईडी. इनटेकची रेघ रविवारी पुट्टीने बुजवायची आहे, पॉलिश पेपर धरायला बाबा बसणार आहेत. भाच्याला हँगरचं दार करायला दिलंय.