डेकल्सचा पावसाळा

पावसाळ्यात कोकणात काही म्हणता काही वाळत नाही. टॉवेल दमट, पापड सादळलेले, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी. अशा हवेत, तेही वेंगुर्ल्यासारख्या समुद्राला लागून असलेल्या गावात, प्लास्टिकची छोटी विमानं जोडायचा नाद म्हणजे विकतचं दुखणं. पण या नादातल्या एका कामाला आमची ही ओली हवाच मानवते. ते म्हणजे डेकल्स लावणं.

विमानावरची देशाची खूण असलेली गोल चक्रं, नंबर, तुकडीचं चिन्ह हे सगळं एवढ्याशा आकारात हाताने रंगवणं बहुतेकांच्या आवाक्यातलं नाही. म्हणून ते छापून मिळतं, तेच डेकल: खाली कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि त्यावर चित्र. 10-15 सेकंद पाण्यात बुडवून काढायचं आणि टिपकागदावर मिनिटभर ठेवायचं. डेकल आपणहून तरंगेपर्यंत पाण्यात ठेवणारे असतात, पण तेवढ्यात अर्धा डिंक धुऊन जातो. पाणीही बघून घ्यावं. आमच्या विहिरीचं मचूळ, वाळलं की पांढरे डाग ठेवतं. जोराच्या दोन सरी होऊन गेल्यावर अंगणात पातेलं ठेवलं की डेकल्सपुरतं उत्तम पाणी आकाशातून मिळतं.

माझ्या टेबलावर सध्या नौदलाचं सी हॅरियर हे लढाऊ विमान आहे. 1983 ते 2016 ही विमानं आपल्या नौदलात होती, गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसावर त्यांचा तळ. ‘व्हाइट टायगर्स’ ही 300 क्रमांकाची तुकडी, म्हणून शेपटीवर पांढरा वाघ. खरं विमान साडेचौदा मीटर लांब, माझं 1/72 प्रमाणातलं वीतभर. या हिशेबात वाघ अर्धा मिलिमीटर सरकला, तर खऱ्या विमानावर तो 36 मिलिमीटर सरकल्यासारखा. दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर उभं आहे. तिथे काढलेले फोटो समोर ठेवूनच मी चिमटा उचलतो.

चिमटा चपट्या तोंडाचा हवा, टोकदार चिमटा पापुद्रा फाडतो. डेकल उचलायचंही नसतं, ओल्या मऊ ब्रशने कागदावरून ढकलत जागेवर न्यायचं. आणि इथे पावसाळा कामी येतो. मे महिन्यात पंख्याखाली बसलात तर नीट करेपर्यंत पाणी उडतं आणि वाघ वाकडा चिकटतो. आषाढात तो बराच वेळ ओला राहतो. हवं तेवढं इकडे-तिकडे करा, लांबून बघा, चहा ठेवून या.

मात्र त्याखालचं वार्निश पावसात मारायचं नाही. मॅट रंग दिसतो गुळगुळीत, असतो खरबरीत. त्या खाचांत डेकलखाली हवा अडकते आणि पापुद्र्याच्या कडा चंदेरी चमकू लागतात. म्हणून आधी चकचकीत वार्निश. दमट हवेत लॅकर जातीचं वार्निश फवारलं, तर थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि वार्निश दुधाळ होतं. तेव्हा आमचं पंचांग असं: रंग आणि चकचकीत हात मृगाआधी, डेकल्स आषाढ-श्रावणात, शेवटचं मॅट वार्निश दसऱ्यानंतर. पिवळी पडलेली जुनी डेकल्स खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात पांढरी करून घ्यायची, तीही उन्हाळ्यातच.

आता बाटल्या. निळ्या लेबलची मायक्रो सेट डेकलखाली लावायची, ती चिकटायला मदत करते. तिला व्हिनेगरचा वास येतो. त्यावरून काकी हटकून विचारते, “काय रे, ह्या खेळण्याक शिरक्याचो वास कसो येता?” लाल लेबलची मायक्रो सोल वरून. ती पापुद्रा मऊ करते, मग तो पत्र्यांच्या जोडरेषांत आणि रिव्हेटांवर बसतो. पण बसण्याआधी त्याला अशा काही सुरकुत्या पडतात, की पोटात गोळा यावा. तेव्हा ब्रश खाली ठेवून उठावं. बोट लावलंत की संपलं. सगळ्या हत्यारांत हा आवरलेला हात मला सगळ्यात अवघड वाटतो. चार वेळा बाजारातून महाग चिमटे आणता येतात, हा आणता येत नाही. वाळल्यावर कुठे बुडबुडा राहिला तर सुईने टोचून पुन्हा थेंबभर मायक्रो सोल. जादा पाणी टिपायला कापसाची काडी, तीही घासायची नाही, लाटायची. नव्या शीटवर हे द्रव आधी नको असलेल्या एखाद्या नंबरावर लावून बघावेत, काही छपाया त्यात विरघळतात.

गणपतीच्या शाळेत डोळ्यांची आखणी जाणत्या हातानेच होते, आणि ती झाली की मूर्ती बघू लागते. करड्या प्लास्टिकवर वाघ बसला की तसंच काहीसं होतं, एवढा वेळ नुसतं विमान असलेलं ते दाबोळीचं होतं.

अडचण एकच. चतुर्थीला मुंबईकर येतात आणि त्यांची पोरं विमान ‘उडवून’ बघायला मागतात. वर अजून वार्निश नसतं, घामट बोट लागलं की वाघाची कड सुटलीच. म्हणून त्या दिवसांत सी हॅरियर सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात, डबा कपाटावर, आणि पोरांच्या हातात सावंतवाडीची लाकडी खेळणी.