ठरल्या वेळेचं कर्नल: आमची वाटचाल

आमची फर्म लहान आहे आणि काम एकच: एम्बेडेड, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या बोर्डांवर चालणारी एक रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळणं. ती मुळात आम्ही लिहिलेली नाही. एका बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या बोर्डांसाठी ती लिहिली होती. पुढे त्या कंपनीने हा व्यवसाय आवरता घेतला, पण बोर्ड यंत्रांमध्ये बसलेले होते, रोज चालत होते आणि आणखी कित्येक वर्षं चालणार होते. ग्राहकांच्या हाती सोर्स कोड होता, तो वाचून दुरुस्त करणारं मात्र कोणी नव्हतं. आम्ही तेव्हा ड्रायव्हर (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) लिहून देण्याची सुटी कामं घ्यायचो. त्यातल्याच एका ग्राहकाने विचारलं, "नुसता ड्रायव्हर कशाला, अख्खं कर्नलच तुम्ही सांभाळा ना." कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोड वापरण्याचे आणि बदलण्याचे हक्क रीतसर कराराने घेतले आणि कामाला लागलो.

रिअल-टाइम म्हणजे खूप वेगवान, असं पुष्कळांना वाटतं. या क्षेत्रात खरं महत्त्व आहे ते ठरल्या वेळेच्या आत, दर वेळी, न चुकता उत्तर मिळण्याला. मोटर चालवणारा टास्क (प्रोग्राममधलं एक स्वतंत्र काम) दर मिलिसेकंदाला जागा व्हायला हवा असेल, तर एरवी त्याला २० मायक्रोसेकंदांत जागं करणारं आणि क्वचित ३ मिलिसेकंद उशीर लावणारं कर्नल आमच्या लेखी नापास. दर वेळी १०० मायक्रोसेकंद घेणारं, पण त्यापलीकडे कधीही न जाणारं कर्नल पास. आमच्या अहवालात सर्वांत वाईट आकडा पहिल्या ओळीत असतो, सरासरी शेवटी.

म्हणून सुरुवातीचे काही महिने आम्ही एकही नवी सुविधा घातली नाही. फक्त मोजलं. इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरला बोलावणारा इशारा) आला की एक पिन वर, त्यावर टास्क सुरू झाला की दुसरी पिन वर, दोन्ही ऑसिलोस्कोपवर (विजेचे संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) लावायच्या, बोर्डावर चहूबाजूंनी भार टाकायचा आणि रात्रभर सोडून द्यायचं. दिसलं असं, की टास्कांची संख्या वाढली की उशीरही वाढतो. कारण टाइमआउटच्या यादीत सापडलं. थांबलेल्या टास्कांची यादी वेळेच्या क्रमाने लावलेली होती, आणि नवा टास्क योग्य जागी घालायचा तर ती सुरुवातीपासून चाळावी लागे, तीही इंटरप्ट बंद ठेवून. पाच-सहा टास्क असताना हे खपून जातं, पन्नास-साठ झाले की नाही. आम्ही रचना बदलली. यादी चाळताना फक्त शेड्यूलर (कोणता टास्क चालवायचा ते ठरवणारा भाग) अडवायचा, इंटरप्ट चालू ठेवायचे. तेवढ्यात एखाद्या इंटरप्ट हँडलरला (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या कोडला) कोणाला जागं करायचं असेल, तर त्याने तशी नोंद एका छोट्या रांगेत टाकायची, आणि शेड्यूलर मोकळा होताना आधी ती रांग रिकामी करायची. तेव्हापासून आमच्याकडे इंटरप्ट बंद राहण्याचा कमाल काळ टास्कांच्या संख्येवर अवलंबून नाही. ग्राहकाला हा बदल डोळ्यांनी दिसत नाही. तरी आजवर केलेल्या कामात मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

नवीन इंजिनिअर आला की त्याला आम्ही पहिल्यांदा पाथफाइंडरची हकीकत सांगतो. नासाचं हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागलं. हवामानाची मोजमापं हाताळणारा कमी प्रायॉरिटीचा टास्क एक म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप) धरून असे. डेटा बसची व्यवस्था पाहणारा वरच्या प्रायॉरिटीचा टास्क त्याच म्युटेक्ससाठी थांबे. आणि मधल्या प्रायॉरिटीचे टास्क खालच्याला प्रोसेसर मिळूच देत नसत. बसचं काम वेळेत झालं नाही हे दिसताच यंत्रणा स्वतःला रीसेट करी. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर दोष हुबेहूब घडवून आणला आणि म्युटेक्सची प्रायॉरिटी इन्हेरिटन्स, म्हणजे कुलूप धरलेल्या टास्कला थांबलेल्याची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती देण्याची सोय, इथून चालू केली. हा उपाय लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० च्या निबंधात तपशिलाने मांडलेला होता. आमच्या वाट्याला आलेल्या कर्नलमध्ये फक्त साधा सेमाफोर (ही सोय नसलेलं कुलूप) होता. इन्हेरिटन्स असलेला म्युटेक्स आम्ही घातला आणि नव्या कोडसाठी तोच मूळ पर्याय ठेवला. उपाय माहीत असणं वेगळं आणि तो प्रत्येक बोर्डावर चालू असणं वेगळं, हे त्या यानावरून कळतं.

मग आर्म कंपनीचं कॉर्टेक्स-एम हे लहान उपकरणांसाठीचं प्रोसेसर-कुटुंब आलं आणि आमचं बरंच काम सोपं झालं. आधीच्या प्रोसेसरांवर इंटरप्ट येताच कोणते रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागा) जपायचे ते असेम्ब्लीत हाताने लिहावं लागे. इथे हार्डवेअर आठ रजिस्टर आपणहून स्टॅकवर ठेवतं. कॉर्टेक्स-एम३ वर मेमरी अडत नसेल तर हँडलरपर्यंत पोचायला प्रोसेसरच्या घड्याळाच्या १२ सायकल लागतात. टास्क बदलण्याचं काम पेंडएसव्ही नावाच्या सर्वांत खालच्या प्रायॉरिटीच्या एक्सेप्शनकडे सोपवलं की ते कोणत्याही इंटरप्टच्या आड येत नाही. टास्क बदलणारा असेम्ब्ली कोड जेमतेम काही डझन ओळींचा असतो. पोर्टचा, म्हणजे कर्नल नव्या बोर्डावर नेण्याच्या कामाचा, बाकीचा वेळ घड्याळं, पिना, टाइमर, फ्लॅश आणि इथरनेट यांत जातो. बोर्ड सपोर्ट पॅकेज म्हणतात ते हेच. देखभालीचं निम्म्याहून अधिक काम मला तिथेच दिसतं.

कॉर्टेक्स-एम७ ने डेटा कॅश (प्रोसेसरजवळची जलद तात्पुरती मेमरी) आणला आणि त्याबरोबर एक वेगळाच प्रश्न. एका ग्राहकाच्या बोर्डावर इथरनेटची पॅकेट अधूनमधून बिघडलेली दिसत. वायरवर सगळं ठीक, मेमरीत भलतंच. डीएमए (प्रोसेसरला वगळून डेटा हलवणारं हार्डवेअर) थेट रॅममध्ये लिहितं, प्रोसेसर मात्र कॅशमधली जुनी प्रत वाचतो, हे एक कारण होतं. त्याखाली दुसरं दडलेलं होतं. कॅशची एक ओळ ३२ बाइटची असते. बफर (पॅकेटसाठी राखलेली मेमरी) ३२ च्या पटीत बसवलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या शेपटीला लागून असलेला एक साधा व्हेरिएबल त्याच ओळीत आला होता. तो व्हेरिएबल बदलला की पूर्ण ओळ रॅममध्ये परत लिहिली जाई आणि डीएमएने नुकताच आणलेला डेटा पुसला जाई. आता डीएमएचे बफर कर्नलच देतं, ओळीच्या हद्दीत बसवूनच देतं.

वेळ मोजणाऱ्या काउंटरची काळजी वेगळी. ३२ बिटांचा काउंटर दर मिलिसेकंदाला एकने वाढला, तर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. टेबलावरची चाचणी सहसा तेवढी चालत नाही, कारखान्यातलं यंत्र चालतं. लिनक्स कर्नलमध्ये यावर नामी युक्ती आहे: बूट होताना काउंटर अशा आकड्यावर ठेवतात की ३२ बिटांचा फेरा पाच मिनिटांतच पूर्ण व्हावा आणि दोष लगेच उघडा पडावा. आमच्या चाचण्या तशाच सुरू होतात.

जुना कंपायलर (कोड यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्राम) आम्ही टाकून देत नाही. प्रत्येक रिलीज ज्या साधनांनी बांधला ती जशीच्या तशी जपून ठेवतो, म्हणजे दहा वर्षांनी ग्राहकाने एका ओळीचा बदल मागितला तर तेवढाच बदल होतो. नव्या कंपायलरचं ऑप्टिमायझेशन जास्त धीट असतं. 'व्होलाटाइल' (ही किंमत बाहेरून बदलू शकते, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लिहायचं राहून गेलेला कोड जुन्या कंपायलरवर निर्धोक चालतो आणि नव्यावर अचानक थांबतो.

पैशांबद्दलही सांगायला हवं. आधी आम्ही दोष दुरुस्त केला की तासाप्रमाणे बिल करायचो. त्यात आमचं उत्पन्न ग्राहकाच्या अडचणीवर चाले, हे मला पटत नव्हतं. मग वार्षिक देखभाल करार सुरू केले. वर्षभरात काही बिघडलं नाही तरी पैसे का द्यायचे, हा प्रश्न यायचाच. उत्तर म्हणून आम्ही चाचण्यांचे आकडे दाखवतो: ग्राहकाचा बोर्ड आमच्या रॅकवर आहे, कर्नलमधला प्रत्येक बदल त्यावर चालवून पाहिला आहे. २०२० नंतरच्या चिपटंचाईत या कराराचं मोल सगळ्यांना कळलं. मिळेल ती चिप घेऊन बोर्ड नव्याने आखले जात होते आणि आम्ही एकापाठोपाठ एक पोर्ट करत होतो.

आज खुल्या रिअल-टाइम सिस्टीमही आहेत: फ्री आरटीओएस आहे, २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे झेफर आहे, थ्रेडएक्सही आता एक्लिप्स फाउंडेशनकडे खुलं आहे. मग तुमचं कशाला, असं विचारणाऱ्याला मी मोकळेपणाने सांगतो: नवं उत्पादन असेल, ब्लूटूथ आणि वाय-फाय लागणार असेल, तर झेफर किंवा फ्री आरटीओएस घ्या. मोठा प्रोसेसर असेल तर लिनक्सही पाहा, २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत रिअल-टाइमचे पॅच मुख्य कर्नलमध्ये आले आहेत. पण तपासून प्रमाणित झालेलं यंत्र चालू असेल तर कर्नल बदलू नका. बदललंत तर सगळं प्रमाणन पुन्हा करावं लागेल, आणि वर्षानुवर्षं मोजलेल्या वेळा हातच्या जातील.

गेल्या काही वर्षांत सुरक्षेचं काम वाढलं आहे. २०१९ मध्ये अर्जंट/११ आणि २०२० मध्ये रिपल२० हे दोषसंच जाहीर झाले. दोन्ही एम्बेडेड उपकरणांतल्या टीसीपी/आयपी स्टॅकमधले (नेटवर्कशी बोलणाऱ्या कोडमधले), आणि तो कोड आपल्या उपकरणात आहे हेच अनेक उत्पादकांना ठाऊक नव्हतं. आता युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, आणि तिथे माल विकणारे आमचे ग्राहक प्रत्येक घटकाची यादी मागतात. आम्ही ती प्रत्येक रिलीजसोबत देतो. ही मागणी मला रास्त वाटते.

सध्या रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेचा पोर्ट चालू आहे. तिथे रजिस्टर जपण्याचं काम सहसा सॉफ्टवेअरकडेच असतं आणि इंटरप्ट कंट्रोलर चिपनुसार बदलतो, त्यामुळे कॉर्टेक्स-एमचे आकडे गृहीत धरता येत नाहीत. पहिल्या बोर्डाच्या दोन्ही पिना ऑसिलोस्कोपला जोडलेल्या आहेत. भाराखालचा सर्वांत वाईट आकडा ग्राहकाच्या मर्यादेत बसला की हा पोर्ट पुढच्या रिलीजमध्ये जाईल.